मेक डोंगरावर कसा चढवायचा: तिरकं चालत की जंप जेटने?

आमच्या जळगाव-भुसावळच्या पोरांत मेकवॉरियर ऑनलाइन या गेमवर, म्हणजे मेक (आत बसून चालवायचे अजस्र लढाऊ रोबो) लढवायच्या गेमवर, हा वाद नेहमीचा, म्हणून सरळच सांगतो.

चढ ठरावीक कोनापेक्षा जास्त झाला की मेकचा स्पीड पडतो आणि पुढे तो जागीच थांबतो, मोठ्या मेकला हे लवकर होतं. तेव्हा नाक वर करून थ्रॉटल दाबत बसू नका भाऊ, कन्नड घाटातल्या वळणांसारखं आडवं-तिरकं घ्या. पाय एका बाजूला चालत राहतात आणि टॉर्सो (वरचं धड) फिरवून तोफा शत्रूकडे, म्हणजे चढता चढता फायरिंग पण चालू, मला तर ही पद्धत खूपच आवडते. वेगळं वजन लागत नाही, हीट (मेकचं तापणं) चालण्याने फारशी वाढत नाही. फक्त वेळ जातो आणि उघड्या उतारावर तेवढा वेळ तुम्ही सगळ्यांना दिसता.

जंप जेटने (मेकला हवेत उचलणारी इंजिनं) थेट कड्यावर जाता येतं, तेही वेगात. पण एकेक जेट हलक्या आणि मिडियम मेकला अर्धा टन, हेवीला 1 टन आणि 90-100 टनवाल्यांना 2 टन खातं, वर हीट. जेट चालू असताना निशाणा थरथरतो, बटण सोडलं की स्थिर होतो, तेव्हाच मारा. आणि उतरताना थोडं इंधन राखाच, नाहीतर पायांना डॅमेज.

स्पायडर या 30 टनी हलक्या मेकला जेट हवेतच, त्याचा जीवच त्यात. अ‍ॅटलस या 100 टनी मेकला जेट नाहीतच, तिथे तिरकं चालणं किंवा रॅम्प शोधणं. हायलँडर या 90 टनी मेकवाल्यांनी 1-2 जेट ठेवावेत, बाकी टनेज दारूगोळ्याला द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.