फळांचं सारण भरलेल्या कुकीज घरी करायच्या: खळीच्या, जोडीच्या, रोल की मामूल?

फळांच्या कुकीज करायचं मनात आलं की आपण आधी फळ ठरवतो आणि मग पाककृती शोधतो. मी उलटं सांगेन. आधी सारणात पाणी किती राहणार आहे ते बघा, त्यावरून कुकीचा आकार ठरवा, मग फळ निवडणं सोपं जातं. ओव्हनमध्ये १७०-१८० अंशांवर सारणातल्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ पारी फोडून नाहीतर कडेने वाट काढते. ट्रेवर पसरून जळलेला जॅम, वर कोरडी आणि तळाला ओलसर राहिलेली कुकी, ही सगळी त्या पाण्याचीच कामं.

ताज्या स्ट्रॉबेरीत जवळपास ९० टक्के पाणी असतं. बाटलीतल्या जॅममध्ये आपल्याकडच्या नियमाप्रमाणे विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात, म्हणजे तिथेही तिसरा हिस्सा पाणी असू शकतं. मऊ खजुरात ते साधारण पाचव्या हिश्श्यावर येतं. हे तीन आकडे डोक्यात ठेवले की पुढचं सगळं समजतं.

घरी करण्याजोगे चार प्रकार आहेत. बोटाने खळी करून जॅम भरतात त्या खळीच्या कुकीज, म्हणजे थंबप्रिंट. दोन बिस्किटांच्या मध्ये जॅम असतो त्या जोडीच्या, म्हणजे लिंझर. अंजीर-खजुराच्या वड्या पाडतात तो रोल. आणि रव्याच्या पारीचं अरबी मामूल. अंडं यांतल्या कशालाच आवश्यक नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर कुठलाही प्रकार बाद होत नाही.

खळीच्या कुकीज

सर्वांत सोप्या. मैदा, लोणी आणि पिठीसाखर ३:२:१ या प्रमाणात घ्या: १५० ग्रॅम, १०० ग्रॅम, ५० ग्रॅम. यात १५ ग्रॅमच्या साधारण वीस कुकीज होतात. लाटणं नाही, साचा नाही, मुलांना शेजारी बसवून करता येतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून, वर जाळी आणि ताटली ठेवूनही या होतात. वरून रंग फिका राहतो, पण चवीत कमी नाही.

यात जॅम उघडा असतो, त्यामुळे वाफेला वाट मोकळी असते. तरी बाटलीतला जॅम थेट भरू नका. छोट्या कढईत दोन-तीन मिनिटं आटवून घ्या, आणि थंड बशीवर थेंब टाकून बशी तिरकी करा. थेंब जागचा हलला नाही की जॅम तयार. खळी दोनदा करावी लागते: एकदा भाजायच्या आधी आणि एकदा भाजणं निम्मं झाल्यावर चमच्याच्या मागच्या टोकाने, कारण तोवर ती फुगून उथळ झालेली असते. जॅम या दुसऱ्या वेळी भरायचा. म्हणजे तो ओव्हनमध्ये सहा-सातच मिनिटं राहतो आणि चिवट होत नाही.

उणी बाजू अशी की फळाची चव फक्त मधल्या घासात येते, आणि जॅम उघडा असल्यामुळे कुकीज एकमेकींवर रचता येत नाहीत. डबा भरून कुणाला पाठवायचा असेल तर हा प्रकार नको.

जोडीच्या कुकीज

ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराच्या टार्टवरून आलेला हा प्रकार. त्या टार्टची लिखित कृती १६५३ सालच्या हस्तलिखितात सापडते. पीठ बदामाच्या कुटाचं, सारण मुख्यतः लाल करंट या बारीक आंबट फळाचं. करंट आपल्याकडे सहज मिळत नाही, पण त्याचा आंबटपणा महत्त्वाचा. म्हणून गोड मिक्स्ड फ्रूट जॅमपेक्षा लिंबू पिळून केलेला स्ट्रॉबेरीचा किंवा रासबेरीचा जॅम इथे शोभतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळाभर मिळते, तेव्हा दोन वाट्या जॅम घरीच करून ठेवावा.

इथे सारण भाजलंच जात नाही. बिस्किटं आधी कोरडी भाजून गार करायची, मग जॅम लावून जोडायची. फुटणं-गळणं हा प्रश्नच उरत नाही, आणि वरच्या बिस्किटाला मध्ये कापलेल्या खिडकीतून डोकावणारा लाल जॅम फार देखणा दिसतो. समोर मांडायला चारांत हीच पहिली.

त्याची किंमत मेहनतीत मोजावी लागते. पीठ लाटा, कापा, उरलेलं गोळा करून पुन्हा लाटा. बदामाचं पीठ ठिसूळ, त्यात लोणी ३२-३५ अंशांना वितळतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरात तेवढं तापमान सहज असतं, तेव्हा दर लाटणीनंतर फ्रिजमध्ये ठेवणं आलंच. शिवाय जोडल्यावर बिस्किट जॅममधलं पाणी शोषतं. पहिल्या दिवशी कुरकुरीत, दुसऱ्या दिवशी मऊ, आणि कोकणात पावसाळ्यात तर संध्याकाळपर्यंतच सादळलेलं. म्हणून बिस्किटं आधी करून हवाबंद ठेवा, जॅम मात्र त्याच दिवशी लावा.

अंजीर-खजुराचा रोल

पहिल्यांदा करणाऱ्याने इथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. दिसायला हा अवघड वाटतो, पण घरच्या ओटीजीला, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनला, सर्वांत जास्त सांभाळून घेणारा प्रकार हाच. अमेरिकेत १८९१ पासून कारखान्यात बनणारी फिग न्यूटन ही याच जातीची. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावावरून तिचं नाव पडलं.

सारणासाठी १५० ग्रॅम सुकं अंजीर आणि १०० ग्रॅम बिनबियांचा खजूर. सुकं अंजीर आपल्याकडे बहुतेक अफगाणिस्तानातून येतं, माळेत ओवलेलं. प्रत्येक अंजीर उघडून आतून बघा, कडक देठ कापून टाका. हे काम टाळू नका, अळी निघू शकते. तुकडे करून १२० मिलिलिटर पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा, एक चमचा लिंबाचा रस घाला, गार झाल्यावर वाटा. बोटात घेतलेला गोळा आकार धरून राहिला पाहिजे. सैल वाटलं तर पुन्हा कढईत परता. वेगळी साखर लागत नाही.

पारीला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर, दोन-तीन चमचे दूध. लोण्याऐवजी साजूक तूप घेणार असाल तर ८० ग्रॅम पुरे, कारण लोण्यात ८० टक्केच स्निग्धांश असतो, उरलेलं मुख्यतः पाणी. त्या पाण्याच्या जागी एक चमचा दूध वाढवा. पीठ मळू नका, नुसतं एकत्र आणा. मळलं की चिवट होतं. तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

मग दोन बटर पेपरमध्ये चार मिलिमीटर जाड, दहा सेंटिमीटर रुंद पट्टी लाटा. मध्ये तीन सेंटिमीटर रुंदीचं सारण ठेवा. खालचा कागद उचलून एक बाजू सारणावर आणा, मग दुसरी, आणि जोड खाली जाईल असा रोल उलटा करा. हात लावायचा नाही, सगळं कागदाने करायचं. उष्ण हवेत यामुळेच काम निभावतं. अख्खा रोल १७५ अंशांवर १८-२० मिनिटं, मधल्या जाळीवर, फिक्या रंगाच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. काळा ट्रे खालून लवकर करपवतो.

बाहेर काढल्याबरोबर धारदार सुरीने वरून खाली एका दाबात वड्या पाडा, सुरी मागेपुढे करू नका. इथे निवड तुमची. गरम वड्या झाकणाच्या डब्यात कागदाच्या थरांमध्ये ठेवल्या तर अडकलेल्या वाफेने पारी मऊ होते, दुकानातल्यासारखी. जाळीवर उघड्या गार केल्या तर खुसखुशीत राहतात. मला दुसरी पद्धत आवडते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिली सोयीची.

चव प्रत्येक घासात, अंजिराच्या बारीक बिया दाताखाली, आणि डब्यात आठवडाभर आरामात टिकतात. दिवाळीच्या फराळाच्या डब्यात घालायला किंवा हॉस्टेलवर पाठवायला हाच प्रकार. दिसायला साधा आहे, तेवढीच त्याची उणीव.

मामूल

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनमध्ये ईदला आणि ईस्टरलाही करतात. करंजीला ज्याचा हात बसला आहे त्याला हे पटकन जमेल, कारण पारी-सारणाचं गणित तेच: सारण सैल असलं की तोंड उघडतं. २०० ग्रॅम बारीक रवा आणि ५० ग्रॅम मैद्याला १२० ग्रॅम पातळ तूप चोळून रात्रभर ठेवायचं, म्हणजे रवा तूप पितो. सकाळी ४० ग्रॅम पिठीसाखर, गुलाबपाणी आणि लागेल तेवढं दूध घालून गोळा करायचा. २० ग्रॅमच्या पारीत १२ ग्रॅम खजुराचं सारण. तिकडे कोरलेल्या लाकडी साच्यातून काढतात. साचा नसेल तर काट्याने रेघा ओढा. १९० अंशांवर १५-१८ मिनिटं. तळ सोनेरी आणि वरचा भाग पांढराच राहायला हवा.

तोंडात विरघळणारी अशी पारी बाकी तिघांत नाही. मात्र आदल्या रात्रीची तयारी लागते आणि एकेक भरत बसावं लागतं, म्हणून पाहुणे तासाभरात येणार असतील तेव्हा हे काढू नका.

आपल्या घरातली सारणं

बरण्यांमध्ये आधीच असलेलं सारण वापरायचं असेल तर: साखरांबा आणि मोरंबा चवीला छान, पण पाकासकट भरू नका. फोडी गाळणीवर निथळून बारीक चिरा आणि खळीच्या कुकीमध्ये घाला. आंब्याचा आटवलेला रस, चमच्याला चिकटून राहण्याइतका घट्ट असेल तर, रोलमध्ये चालतो, पण खजुरात निम्मा मिसळून. पुरंदरचं ताजं अंजीर मला सारणासाठी पटत नाही. ते आटवायला वेळ फार लागतो आणि त्याचा नाजूकपणा निघून जातो. ते तसंच खावं.

माझी आवडती निवड आंबापोळी आहे. लिंझरच्या बिस्किटापेक्षा किंचित लहान गोल कापून दोन बिस्किटांमध्ये ठेवा, चिकटण्यापुरता जॅमचा ठिपका लावा. आंबापोळीत पाणी इतकं कमी असतं की जोडीची कुकी सादळण्याचा दोष बराचसा जातो, चार दिवस तरी ती कुरकुरीत राहते. फणसपोळीनेही हे होतं, फक्त तिचा वास डब्यातल्या बाकी सगळ्याला लागतो, तेव्हा तिचा डबा वेगळा ठेवा.