शिकागोचा जुना टू-फ्लॅट: हिवाळा-उन्हाळा राहून झाल्यावर

शिकागोत घर बघताय आणि एजंट 'व्हिंटेज टू-फ्लॅट' म्हणाला तर आधी हे वाचा. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतोय, खाली घरमालकीण आजी, हिवाळा पूर्ण काढलाय आणि आता उन्हाळा चालूय.

टू-फ्लॅट म्हणजे एकावर एक दोन सारखीच घरं, मालक एकात राहणार, दुसऱ्याच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता निघणार. १९०० ते १९२० च्या आसपास चेक, पोलिश वगैरे कामगार कुटुंबांनी याच हिशोबावर ही घरं घेतली. आमच्या आजींचा हिशोब अजून तोच आहे, फक्त हप्त्याच्या जागी प्रॉपर्टी टॅक्स आलाय.

सगळं डिझाइन प्लॉटने ठरवलेलं. इथला नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद नि १२५ फूट लांब, त्यामुळे घर आगगाडीच्या डब्यासारखं, पुढे बे विंडोवाला (भिंतीतून बाहेर आलेल्या खिडकीचा) हॉल, मग डायनिंग, एका बाजूला ओळीने बेडरूम आणि अगदी शेवटी किचन. दोन घरांच्या मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ, तिला इथे गँगवे म्हणतात, बेडरूमच्या खिडक्या त्या बोळात उघडतात, म्हणजे पडदा सारला की समोर शेजाऱ्याची भिंत. भर दुपारी दिवा लावावा लागतो. लिस्टिंगमधे फोटो फक्त पुढच्या हॉलचे असतात ते उगाच नाही.

पण तो हॉल खरंच भारी, तीन बाजूंनी उजेड, उंच सीलिंग, डायनिंगमधे भिंतीतच बसवलेलं काचेचं कपाट. मी कामाचं टेबल बे विंडोत टाकलंय. बेडरूम अंधारी असली तरी झोपायलाच जातो ना तिथे, चालतं.

बाहेरून मात्र गंमत आहे. रस्त्याकडचा चेहरा चुनखडीच्या दगडाचा, एकदम श्रीमंत, आणि गँगवेत शिरलं की बाजूच्या भिंती स्वस्तातल्या ओबडधोबड लोकल विटेच्या. १८७१ मधे शिकागोत मोठी आग लागली, त्यानंतर शहराच्या मोठ्या भागात लाकडी घरांवर बंदी आली म्हणून वीट, आणि दगड फक्त लोकांना दिसतो तेवढाच! मला हा कंजूषपणा आवडला, उगाच कशाला सगळीकडे पैसे घाला.

आता हिवाळा. बेसमेंटमधे एकच बॉयलर, वाफेचे रेडिएटर, थर्मोस्टॅट आजींकडे. त्यांना थंडी वाजते, उष्णता वर चढते, आणि आम्ही बाहेर बर्फ पडत असताना खिडकी किंचित उघडी टाकून बसायचो. पाइप पहाटे ठणठण वाजतात, पहिल्या आठवड्यात दचकायला होतं, मग सवय होते. उन्हाळ्यात उलटं, घरभर गार हवा नेणारे डक्टच नाहीत त्यामुळे विंडो एसी, आणि जुन्या वायरिंगवर एसी नि मायक्रोवेव्ह एकत्र लावला की ब्रेकर पडलाच. मधली जमीन लाकडी तुळयांची, रात्री मिक्सर लावायची सोय नाही, खाली सगळं ऐकू जातं.

सगळ्यात जास्त वापर कशाचा होत असेल तर मागच्या लाकडी पोर्चचा. किचनचं दार थेट तिथे उघडतं, फोडणीचा ठसका दोन मिनिटात बाहेर, वाळवणं, सायकल, कचरा खाली गल्लीत न्यायचा जिना, सगळं तिथेच. सोफासुद्धा तिथूनच वर चढवला कारण पुढचा जिना इतका अरुंद की वळणच घेईना. फक्त घर घेण्याआधी पोर्चचे खांब नि जोड नीट बघा. २००३ मधे शिकागोच्याच लिंकन पार्क वस्तीत पार्टी चालू असताना एका इमारतीचा असाच मागचा पोर्च कोसळून १३ जण गेले होते, तेव्हापासून तपासणी कडक झाली, तरी आपली नजर आपण टाकावी.

आणि पाणी. शिकागोत १९८६ पर्यंत रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप शिशाचाच लावायचा नियम होता, त्यामुळे इतक्या जुन्या घरात तो शिशाचा आहे असं धरूनच चाला. शहराकडून टेस्ट किट फुकट मिळतं, ते मागवा, लहान मूल असेल तर आधी मागवा नि मग लीजवर सही करा. आम्ही किचनच्या नळाला शिसं काढणारा फिल्टर बसवलाय, चहाचं पाणीसुद्धा त्यातलंच घेतो.