आठ महिने ‘आर’सोबत : पंचगंगेच्या पाणीपातळीच्या वहीवर डेटा विश्लेषण शिकताना

आमचे धान्याच्या घाऊक विक्रीचे दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आहे आणि गोदाम व्हीनस कॉर्नरच्या सखल भागात. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी किती, हे पाहिल्याशिवाय आमच्याकडे दिवस सुरू होत नाही. ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, आणि या दोहोंच्या मध्ये कधीतरी पोती वर हलवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. २०१८ पासून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मी रोज सकाळची पातळी वहीत लिहीत आलो आहे. इशारा पातळी ओलांडल्यावर धोका पातळीपर्यंत हाताशी किती वेळ राहतो, हे त्या वहीतून काढता यावे, एवढ्याच हेतूने गेल्या नोव्हेंबरात मी आर ही डेटा विश्लेषणाची संगणक-भाषा शिकायला घेतली. त्याआधी प्रोग्रॅमिंगची एकही ओळ मी लिहिलेली नव्हती.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने ‘मामा, पायथनच शिका, पुढे सगळीकडे उपयोगी पडेल’ असे सांगितले होते आणि त्याचे म्हणणे चूक नव्हते. मला मात्र संकेतस्थळे किंवा ॲप बनवायची नव्हती. तक्ता, सरासरी आणि आलेख एवढेच हवे होते. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ही भाषा मुळात अशाच कामासाठी घडवली, आणि ते पहिल्या आठवड्यातच जाणवते. रकान्यांचा तक्ता वेगळे काही न जोडता भाषेतच मिळतो, मोजणी शून्यापासून नव्हे तर एकपासून सुरू होते, आणि भाषा व तिच्यात काम करण्यासाठीचे आरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर दोन्ही विनामूल्य आहेत. माझ्या जुन्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर ती विनातक्रार चालते.

खरी कसोटी वही संगणकात भरल्यावर लागली. मी आकडे मराठी कळफलकावरून टाईप केले होते आणि आर देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. रकान्याला संख्येत बदलण्याचा आदेश दिला, तर एक इशारा आला आणि सगळ्या ओळींत ‘एनए’, म्हणजे ‘मूल्य उपलब्ध नाही’, असे उमटले. पायथन हेच देवनागरी अंक संख्या म्हणून वाचू शकतो, हे नंतर कळले तेव्हा भाच्याचा सल्ला आठवला. एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह घालणारे ‘चार्टर’ नावाचे फंक्शन, म्हणजे तयार आदेश, सापडले आणि दहाही अंक एका ओळीत बदलून झाले.

तरीही आलेख काढला तेव्हा रेषा मध्येच विचित्र खाली जाऊन वर येत होती. कारण भाषेत नव्हते, माझ्या वहीत होते. ३९ फूट ११ इंच मी वर्षानुवर्षे ‘३९.११’ असे लिहीत आलो होतो. माणूस ते बरोबर वाचतो. आर त्याला दशांश समजते आणि ३९.६ पेक्षा कमी ठरवते. त्याहून वाईट म्हणजे ३९ फूट १ इंच आणि ३९ फूट १० इंच या दोन्हींचा आकडा एकच होतो. माझे देवनागरी अंक मूळ फाइलमध्ये मजकूर म्हणून राहिले होते, म्हणूनच शेवटचे शून्य वाचले; ज्याचा मला महिनाभर राग येत होता, त्यानेच नोंदी राखल्या. टायडीव्हर्स या पॅकेजांच्या, म्हणजे आरला वरून जोडायच्या फंक्शनांच्या, संचातल्या ‘सेपरेट’ने टिंबापाशी दोन भाग केले, इंचांना १२ ने भागून फुटांत मिळवले, आणि रेषा सरळ झाली.

तारखांनीही बराच त्रास दिला. ‘०१-०८-२०१९’ ही तारीख आर मूळ पद्धतीने वाचते तेव्हा पहिले दोन अंक वर्ष समजते आणि इसवी सन १ मधला ऑगस्ट दाखवते, तेही कोणतीही चूक न सांगता. लुब्रिडेट या पॅकेजमधले, दिवस-महिना-वर्ष असा क्रम मानणारे फंक्शन नवशिक्याने पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे.

या आठ महिन्यांत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे रिकाम्या जागांविषयीचा या भाषेचा काटेकोरपणा. रकान्यात एकही ‘एनए’ असेल तर सरासरीचे उत्तरही ‘एनए’ येते. रिकाम्या नोंदी वगळा, असे स्पष्ट सांगावे लागते. आरसोबत सरावासाठी न्यूयॉर्कच्या हवेचा १९७३ सालचा तक्ता येतो. त्यातल्या १५३ दिवसांपैकी ३७ दिवसांची ओझोनची नोंद नाही. त्यावर हे शिकलो तेव्हा नियम किचकट वाटला होता. माझ्या वहीत २०१९ च्या ऑगस्टमधली आणि २०२१ च्या जुलैमधली महापुराची पाने कोरी आहेत, कारण त्या दिवसांत आम्ही पोती आणि माणसे हलवत होतो. म्हणजे पाणी सर्वांत जास्त होते नेमके तेच दिवस गायब, आणि उरलेल्यांची सरासरी नदीला आहे त्यापेक्षा शांत दाखवणार. शिवाय वहीत न लिहिलेले दिवस फाइलमध्ये ओळ म्हणूनही नव्हते, त्यामुळे आलेखाची रेषा त्यांवरून बिनदिक्कत पुढे जात होती. ‘कम्प्लीट’ फंक्शनने प्रत्येक तारखेची ओळ तयार केली, तेव्हा रेषा महापुराच्या ठिकाणी तुटली. तो तुटलेला आलेख मी तसाच ठेवला आहे.

आलेखांसाठीचे जीजीप्लॉट२ उत्तम आहे. ३९ आणि ४३ फुटांच्या दोन आडव्या रेषा दोन ओळींत येतात. मराठी शीर्षकांतल्या वेलांट्या आणि जोडाक्षरे मात्र रॅग हे पॅकेज वापरेपर्यंत नीट उमटली नाहीत. विंडोजवर शिकणाऱ्यांनी ४.२ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्यावी. तिच्यापासून युनिकोड मजकूर मुळातच नीट हाताळला जातो आणि ‘राधानगरी’च्या जागी सांकेतिक अक्षरांची रांग दिसत नाही. मदतीची पाने इंग्रजीत आहेत आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत. मी त्यांतली उदाहरणे आधी चालवून पाहतो आणि मजकूर मागाहून वाचतो.

मूळ प्रश्नाचे उत्तर अजून अर्धेच मिळाले आहे. ३९ ते ४३ फुटांमधला वेळ दर वर्षी इतका वेगळा निघतो की एकच आकडा धरून बसणे धोक्याचे ठरेल, एवढे आता नक्की कळले आहे. गगनबावड्याचा पाऊस आणि राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांतून सुटणारे पाणी एक-दोन दिवस मागे सरकवून याच तक्त्याला जोडायचे काम सुरू आहे. या जूनपासून वहीत फूट आणि इंच यांचे दोन वेगळे रकाने आखले आहेत, आणि पाणी चढलेल्या दिवसांत नोंद घेण्याचे काम वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पुतणीने अंगावर घेतले आहे.