अर्धी राहिलेली गोधडी: हाताने पूर्ण करायची, मशीनवर की बाहेर द्यायची?

पाऊस परतला की माळ्यावरची बोचकी खाली येतात आणि त्यात एक तरी गोधडी अशी निघतेच, जिचा वरचा थर ठिगळं जोडून तयार आहे, आत कुठल्या साड्या घालायच्या तेही ठरलंय, फक्त टाके घालायचे राहिलेत. मुंबईतून मान्सून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमाराला निघतो, मग ते जीव नकोसं करणारं ऑक्टोबर हीट सुरू होतं. बाकी कशाला नसलं तरी गोधडीला ते ऊन भारी उपयोगाचं, कारण जुन्या साड्या धुऊन एका दिवसात कडकडीत वाळतात आणि थर घालताना आत दमटपणा राहत नाही. थंडी पडायच्या आत काम संपवायचं तर आत्ताच ठरवायला हवं, हात की मशीन की सरळ कोणालातरी देऊन मोकळं व्हायचं.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक जण किती वेळ आहे त्यावरून ठरवतात, पण आधी आत काय आहे ते बघा. आत जुन्या सुती साड्या असतील तर हात, फायबर शीट (पॉलिएस्टरच्या तंतूंचा तयार फुगीर थर) असेल तर मशीन, आणि दोन्ही जमणार नसेल तर बाहेर. असं का, ते पुढे.

जुनी, वापरून मऊ झालेली सुती साडी म्हणजे धागे आधीच झिजलेले असतात. मशीनची सुई त्यात जवळजवळ भोकं पाडत जाते, दोरा घट्ट बसतो, आणि वर्षा-दोन वर्षांत कापड नेमकं त्या ओळीवरच फाटायला लागतं. हाताचा धावदोरा सैल असतो, थर एकमेकांवर थोडे हलतात, गोधडी अंगाला चिकटून बसते. शिवाय एखादी ओळ उसवली तर तेवढीच ओढून परत घालता येते. मशीनची गोधडी जरा पुठ्ठ्यासारखी ताठ वाटते, निदान पहिल्या चार-सहा धुण्यांपर्यंत तरी.

आता वेळेचं गणित, कारण इथेच लोक फसतात. सिंगल बेडची गोधडी ६० बाय ९० इंच धरा. एकेक इंचावर उभ्या ओळी घातल्या तर ६० ओळी, म्हणजे ५४०० इंच, जवळपास १३७ मीटर धावदोरा!! एका ओळीला वीस मिनिटं धरली (चार थरांतून सुई काढताना तेवढी लागतातच) तर वीस तास. रोज दोन तास बसलात तर दहा-बारा दिवस, आणि घरात दसरा-दिवाळीची साफसफाई पण काढलेली असते हे विसरू नका. अर्ध्या इंचावर ओळी हव्यात तर सगळं दुप्पट. दोरा एकेरी घेतला तर दीडशे-पावणेदोनशे मीटर पुरतो, दुहेरी घेतला तर त्याच्या दुप्पट. मशीनला मात्र वरचा दोरा आणि बॉबिन मिळून ओळीच्या लांबीच्या अडीचपट तरी जातो, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या आसपास, तेव्हा एकाच रंगाची दोन-तीन रिळं आधीच आणून ठेवा, मधेच संपलं की दुकानात नेमकी ती शेड नसते.

मशीनवर वेळ वाचतो यात वादच नाही, दोन दुपारीत काम होऊन जातं. पण घरच्या मशीनच्या आडव्या दांड्याखाली, सुई ते उभा खांब, जागा असते सहा-सात इंच, आणि त्यातून निम्मी गोधडी, म्हणजे तीस इंच रुंदीचा गुंडाळा, सरकवायचा असतो. मधल्या ओळी शिवताना खांदे भरून येतात. वरचा थर पुढे पळतो, खालचा मागे राहतो, शेवटाला चुण्या. त्यावर उपाय म्हणजे वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा मशीनचा पाय) बसवायचा, टाका मोठा ठेवायचा, साडेतीन-चार मिलिमीटर, आणि सुई १६ नंबरची, थर जाड असतील तर १८. आणि मुख्य म्हणजे शिवायच्या आधी जमिनीवर अंथरून वीतभर अंतरावर सगळीकडे कच्चे टाके. हा कंटाळवाणा भाग टाळून नुसत्या टाचण्यांवर मशीन चालवलं तर मागच्या बाजूला काय झालंय ते उलटं करून बघवत नाही.

दिशेचाही फरक आहे. मशीनवर मधून सुरुवात करून बाहेर जायचं, म्हणजे ढिला कपडा कडेला निघून जातो. हाताने मात्र आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बाया कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत येतात. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तीही अशीच, कडेकडून मध्याकडे, आणि कापडाचे तुकडे पण जाता जाताच लावत जातात, आपल्यासारखा वरचा थर आधी जोडून ठेवत नाहीत. हाताच्या कामात कापड सतत तळहाताखाली असतं, फुगा आला की तिथेच चेपून पुढे जाता येतं, म्हणून त्यांना ते जमतं. मशीनवर असं करायला जाऊ नका, मधोमध पिशवी तयार होते.

फायबर शीटचं उलट आहे. ती स्वतः झिजत नाही, पाणी धरत नाही, लवकर वाळते, आणि तिला इतक्या जवळ ओळींची गरजही नसते, तीन-चार इंचावर एक ओळ पुरते. म्हणजे मशीनवर काम आणखी कमी. फक्त तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका. मुंबई-कोकणात मात्र ही उबदार गोधडी फार दिवस लागतच नाही, तिकडे दोन सुती थर म्हणजे झालं. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली उतरतो, तिथे शीट घालायला अर्थ आहे. सिंथेटिक साड्या आत घालणार असाल तर थांबा, त्या हातातही घसरतात आणि मशीनखालीही.

मला स्वतःला आवडतो तो मधला मार्ग: आतल्या ओळी हाताने, गोट मशीनने. कड सगळ्यात जास्त ओढली जाते, आधी तीच फाटते, तिथे मशीनचा घट्ट टाका हवाच. घेर होतो ३०० इंच, म्हणजे साडेसात मीटरच्या वर, जोडांसकट आठ मीटर पट्टी काढा. साडीचे काठ वापरायचे तर एका बाजूचा काठ साडेपाच मीटरच असतो, दोन्ही बाजूंचे लागतील. पट्टीच नको असेल तर मागचा कपडा चारी बाजूंनी दोन इंच जास्त ठेवून पुढे दुमडून घ्या, सोपं आहे, फक्त कड विरली की मागचा अख्खा कपडाच गेला, गोट असेल तर नुसती पट्टी बदलता येते.

बाहेर द्यायची असेल तर फार बोलण्यासारखं नाही, शिवून देणाऱ्या बायका बऱ्याच शहरांत मिळतात, काहीजणी घरी येऊनही शिवतात. एवढं आधी विचारा: हाताने की मशीनने, ओळींत अंतर किती, दोरा कोणाचा, गोट धरून पैसे की वेगळे. आतले थर शक्यतो तुमच्यासमोर अंथरून घ्या. आणि दिवाळी तोंडावर आली की त्यांच्याकडेही रांग असते, तेव्हा दसऱ्याआधीच देऊन टाका. आईच्या किंवा आजीच्या साड्यांची गोधडी असेल तर मी तरी बाहेर देणार नाही, वीस तास गेले तरी चालतील.

कुठलाही मार्ग घ्या, नवीन कापड असेल तर आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आकसतं, जुनं तसंच राहतं आणि सगळीकडे चुण्या. गडद लाल-निळ्या साड्यांचा रंग पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघा. आणि बाळाचं दुपटं असेल तर कसलाही विचार न करता हातानेच करा, दोनच थर घ्या, काम दोन-तीन संध्याकाळचं आहे, फक्त दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत ओढून घ्या, बाहेर राहिल्या तर कोवळ्या अंगाला टोचतात.