एअर रायफलचा वेग मोजायला उघडा क्रोनोग्राफ की बोगद्याचा?

१० मीटरची एअर रायफल आहे, पेलेटचे (छर्ऱ्यांचे) दोन-तीन डबे आणून ठेवलेत आणि आता क्रोनोग्राफ, म्हणजे दोन सेन्सरमधलं अंतर कापायला पेलेटला लागलेल्या वेळावरून वेग काढणारं यंत्र, घ्यायचा आहे. बेळगावात काय, खानापूर-निपाणीकडे काय, ही चौकशी करणारा शेवटी दोन पर्यायांवर येऊन थांबतो. एक म्हणजे तिपाईवर ठेवायचा उघडा ऑप्टिकल, ज्याच्यावर उजेड पसरवणाऱ्या दोन पांढऱ्या छत्र्या असतात. दुसरा नळीच्या तोंडापुढे धरायचा बोगद्याचा, आतमध्ये स्वतःचा इन्फ्रारेड उजेड असलेला. रडारचे चांगले असतात यात वाद नाही, पण नुसत्या १० मीटरच्या सरावासाठी तेवढा पैसा घालावा असं मला वाटत नाही.

उघड्याचं बळ त्याच्या दोन सेन्सरमधल्या अंतरात आहे. अनेक मॉडेलांत ते फूटभर असतं, ३० सेंटिमीटर धरू. सेकंदाला १७२ मीटर वेगाची पेलेट ते १७४४ मायक्रोसेकंदांत कापते. सेन्सरनं सावली एक मिलिमीटर पुढे-मागे पकडली तरी वेगात चूक पडते अर्ध्या मीटरच्या आसपास. बोगद्यात जागाच कमी. तिथलं अंतर ६ सेंटिमीटर असेल, तर त्याच एका मिलिमीटरनं जवळपास ३ मीटरचा फरक पडतो. हिशेबानं पाहिलं तर उघडाच घ्यायला हवा.

पण आपला सराव चालतो पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर एखाद्या हॉलमध्ये, एलईडी ट्यूबखाली, आणि तिथे हा हिशेब बिघडतो. उघडा क्रोनोग्राफ उजेडातली घट टिपतो. साडेचार मिलिमीटरच्या पेलेटची सावली ती केवढीशी! ५० हर्ट्झच्या विजेवरची स्वस्त ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असते. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, सेन्सरला जाणवतं. मग कधी नुसता एरर येतो, कधी एकदम ४१२. ते परवडतं, कारण आकडा खोटा आहे हे बघताक्षणी कळतं. जीव खातो तो १६७ किंवा १७७. तो खरा वाटतो. त्याच्यावर विसंबून माणूस रायफलमधल्या, हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरवर संशय घेतो, पेलेटचा चांगला डबा बाजूला टाकतो, आणि दोष असतो डोक्यावरच्या ट्यूबचा. मध्येच वीज जाऊन इन्व्हर्टर लागला की उजेडाची तऱ्हाच बदलते; आधीच्या पाच रीडिंगशी नंतरची पाच ताडून बघण्यात अर्थ उरत नाही. माझं मत याच एका गोष्टीनं ठरलं.

बाहेर नेऊन मोजावं म्हटलं, तर खानापूर भागात जून ते सप्टेंबर पाऊस पाठ सोडत नाही. अथणी-रायबागकडे उलट लख्ख ऊन. तिथे छत्र्या लावाव्याच लागतात, आणि सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य तरीही सेन्सरमध्ये डोकावतो. ढगाळ पण कोरडा दिवस या यंत्राला सगळ्यात मानवतो. असा दिवस बघून सराव होत नाही की.

आधीच उघडा घेतला असेल तर एक उपाय चांगला चालतो. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी घ्या आणि तिच्यावर १२ व्होल्टची साधी एलईडी पट्टी थेट जोडा. मध्ये डिमर नको, कारण त्यानं पुन्हा उजेड थरथरतो. पट्टी दोन्ही छत्र्यांच्या वर, खाली बटर पेपर, आणि भोवतीच्या ट्यूब बंद. रीडिंग बरीच सुधारतात. यंत्र पेलेटच्या वाटेला समांतर हवं. ५ अंश तिरकं बसलं तर वेग अर्ध्या मीटरहून जास्त कमी दिसतो.

बोगद्याला बाहेरच्या उजेडाचा त्रास जवळपास नाही. त्याचा आकडा दोन-तीन मीटरनं सरकलेला असू शकतो, पण पेलेट दर वेळी त्याच रेषेतून जाते म्हणून तो बहुतांशी एकाच बाजूला सरकलेला राहतो. पेलेट निवडताना आपल्याला हवा असतो दहा शॉटमधला कमाल-किमान फरक, आणि तो यात नीट मिळतो. शेडमधल्या माझ्या अनुभवात उघड्यावर हाच फरक दुप्पट तरी दिसतो. दोन डब्यांची तुलना करायची तर वजनही सारखं हवं, ०.५३ ग्रॅमची आणि ०.४९ ग्रॅमची पेलेट एकाच वेगानं जाणार नाही.

उघड्याचं पारडं जड होतं ते ज्यूल, म्हणजे पेलेटची ऊर्जा मोजताना. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याची रेषा २० ज्यूल आणि नळीच्या ४.५ मिलिमीटर व्यासावर आहे, त्यापलीकडे परवाना लागतो. १० मीटरची मॅच रायफल ८ ज्यूलच्या आतबाहेर असते, तिला चिंता नाही. पण ताकदीच्या पीसीपीतून (आधीच दाबानं हवा भरून ठेवलेल्या रायफलीतून) ०.५४७ ग्रॅमची पेलेट सेकंदाला २७० मीटरनं गेली तर होतात १९.९ ज्यूल, आणि वेग २ टक्क्यांनी वाढला की २०.७. तिथे लांब अंतराचा उघडा, बॅटरीच्या उजेडात, हाच बरा. पुढे .२२ रिमफायरकडे, म्हणजे दारूच्या काडतुसाच्या रायफलकडे वळायचं असेल तरी बोगदा नको; नळीतून येणारा वायू आणि काजळी त्याचे सेन्सर खराब करतात. स्प्रिंगच्या रायफलमध्ये तेल जास्त झालं असेल तर तिचा धूरही बोगद्याला चकवतो.

बाकी १० मीटरवाल्यानं, माझं ऐकायचं तर, बोगद्याचाच घ्यावा. मॅच रायफलच्या तोंडावर फोरसाइट (नेम धरायची पुढची खूण) असते, त्यामुळे तो नळीला बांधू नका; तिपाईच्या क्लॅम्पमध्ये तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा आणि रायफल टेकूवर स्थिर ठेवा. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, अशा स्थितीत बाजूनं आणि वरून रेषा जुळवा. मग बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाला बटर पेपर चिकटवून एक पेलेट मारा. भोक मधोमध नसेल तर क्लॅम्प सरकवा, नाहीतर पेलेट कडेला घासेल. कागद काढून टाका, त्याचे तुकडे सेन्सरसमोर अडकतात. रायफल बराच वेळ पडून असेल तर पहिले तीन शॉट सोडून द्या, कारण रेग्युलेटरचा दाब तेवढ्या वेळात थोडा वर चढलेला असतो. पुढचे दहा लिहून ठेवा, शेजारी सिलिंडरचा दाबही लिहा.