यामामोटोचा पाच इंची सेन्को: दोन सीझन वापरून, स्वतःच्या पैशाने

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मासे पकडायच्या नकली आमिषांच्या विषयात लोक तीच गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. खाली ज्या ज्या वस्तूचं नाव घेतलंय ती मी दुकानातून स्वतःचे पैसे देऊन आणलीय, कुठल्या कंपनीने मला काही फुकट पाठवलेलं नाही, माझा कुठला डिस्काउंट कोड नाही. डॅलसजवळ राहतो, आयटीत नोकरी, आणि जमेल त्या शनिवारी पहाटे साडेचारला उठून दीड तास गाडी चालवत लेक फोर्क तलावावर बास मासे पकडायला जातो. टेक्सासचा रेकॉर्ड लार्जमाउथ बास (बासचीच एक जात) याच तलावातला, १९९२ चा, १८.१८ पौंडांचा. त्यामुळे इथे दर शनिवारी आशेने जाणारा मी एकटा नाही.

तर सेन्को, गळाला लावायचं नकली आमिष. दिसायला काहीच नाही. मऊ प्लास्टिकची पेनाएवढी कांडी, दोन्ही टोकांना जराशी निमुळती, अंगावर बारीक वळ्या, ना शेपूट ना पाय ना डोळे. पाकीट उघडलं की बोटांना मीठ लागतं, खरंखुरं मीठ, प्लास्टिकमध्येच ते भरपूर मिसळलेलं असतं आणि त्याच्यामुळेच या कांडीला वजन येतं, साधारण दहा ग्रॅम, म्हणजे शिसं न लावताही ती छान लांब जाते. पाण्यात पडली की आडवीच्या आडवी सावकाश खाली उतरते आणि उतरताना दोन्ही टोकं अगदी बारीक थरथरतात. सगळी जादू त्या थरथरीत आहे. आपण काहीही करायचं नाही, दोरी ढिली सोडायची आणि बघत बसायचं. हे बनवणारे गॅरी यामामोटो स्वतः टूर्नामेंट खेळलेले, कंपनी उभी केली ॲरिझोनात पेज नावाच्या गावात, लेक पॉवेलच्या काठावर, आणि नव्वदच्या दशकात काढलेली ही कांडी आजही तशीच्या तशी विकली जातेय, इतक्या कंपन्यांनी नक्कल करूनसुद्धा.

माझे आजोबा देवगडला खाडीवर गरवायला जायचे, गरीला कोळंबी लावून. मला शेजारी बसवायचे आणि सांगायचे, हाताकडे बघू नको, दोरीकडे बघ. सेन्कोला हे तंतोतंत लागू पडतं. मासा ती जवळजवळ नेहमी खाली उतरताना घेतो, हाताला झटका बसतच नाही, दोरी फक्त एकदा उडते नाहीतर गुपचूप बाजूला सरकायला लागते. माझा सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, दहा पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे पाण्यात न दिसणारा दोरीचा शेवटचा तुकडा. उघडं पाणी असेल तर वॅकी, म्हणजे कांडीच्या बरोबर मधोमध एक नंबरचा छोटा हुक. हायड्रिला (पाण्यातलं दाट गवत) किंवा पाण्यात उभी मेलेली झाडं असतील, आणि फोर्कला ती जिकडेतिकडे आहेत, तर ४/० चा रुंद गॅपचा हुक, त्याचं टोक कांडीच्या आत लपवून, वजन न लावता. मार्चमध्ये मासे अंड्यांसाठी काठाकडे येतात तेव्हा गेल्या दोन वर्षांत माझे निम्म्याहून जास्त मासे याच्यावर आलेत. फोर्कला १६ ते २४ इंचातला मासा सोडून द्यावाच लागतो, तो नियम आहे आणि उत्तम नियम आहे, मी तर सगळेच सोडतो.

आता तक्रार. फाटते. मीठ जास्त म्हणून प्लास्टिक कमजोर, एका माशाला एक कांडी गेलीच समजा, फार तर दोन. दहाचं पाकीट आठ-नऊ डॉलरला, चांगल्या दिवशी दोन पाकिटं संपतात. वॅकीसाठी मधोमध रबराची ओ-रिंग चढवून हुक तिच्यात अडकवला तर एका कांडीत तीन-चार मासे निघतात, हे नक्की करा. आणि फाटलेले तुकडे पाण्यात टाकू नका प्लीज, बोटीत एक पिशवी ठेवा, पाण्याखाली हे प्लास्टिक फुगतं आणि माशांच्या पोटात जातं.

हे फाटणं परवडेना म्हणून मी मागच्या वर्षी दुसरी कांडी घेतली होती. एका मोठ्या टूरवर खेळणाऱ्या प्रोने, म्हणजे व्यावसायिक मासेमाराने, व्हिडिओत छातीवर हात ठेवून सांगितलं की माझ्या बोटीत फक्त हीच असते, फाटत नाही, थरथर जास्त. तीन पाकिटं मागवली. दोन शनिवार एकही मासा नाही, शेजारच्या बोटीत मात्र मासे येत होते. मग घरी कॉलनीच्या स्विमिंग पूलमध्ये दोन्ही कांड्या सारखाच हुक लावून शेजारीशेजारी सोडल्या, पाच फूट पाणी. सेन्को आडवी, हलत हलत, आरामात. ती दुसरी नाक खाली करून सरळ तळाला, काठी पडावी तशी. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मुलगी काठावर बसून मोजत होती, ती पण म्हणाली बाबा ही मेलीय.

कांडी वाईट निघाली याचं मला एवढं वाटलं नाही. खरं वाईट वाटलं ते पुढे एप्रिलमध्ये. फोर्कवर एका गाइडला, म्हणजे पैसे घेऊन आपल्या बोटीतून मासे पकडायला नेणाऱ्याला, बुक केलं होतं, चांगला माणूस, त्याच्या शर्टावर त्याच कंपनीचा लोगो. त्याने डब्यातून त्या कंपनीचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं, मी एक कांडी बाहेर काढली आणि बोटांना मीठ लागलं. त्या वळ्या, मधला तो गुळगुळीत पट्टा, हिरव्या भोपळ्याच्या रंगात काळे ठिपके, दोन सीझन हाताळलेली वस्तू डोळे मिटून ओळखता येते. मी म्हटलं, हा तर २९७ आहे. (यामामोटोचे रंग नंबराने ओळखतात.) तो थोडा वेळ मोटरकडे बघत राहिला, मग म्हणाला, हो, आदल्या रात्री पाकिटं बदलतो, फोटोत पाकीट त्यांचं दिसावं लागतं. मग स्वतःहूनच म्हणाला की त्यांचा खोल जाणारा क्रँकबेट (ओढला की पाण्यात डुबकी मारणारं माशाच्या आकाराचं कडक आमिष) मात्र मी मनापासून वापरतो, तो खरंच चांगला आहे. त्या दिवशी पाच तासांत चौदा मासे, सगळे २९७ वर.

मला त्याचा राग नाही आला, हिशोब माहितीये म्हणून. बासमास्टर एलिट सिरीज, म्हणजे बास पकडणाऱ्या प्रोंची मोठी स्पर्धामालिका, खेळायची तर वर्षाची एन्ट्री फीच चाळीस हजार डॉलरच्या आसपास, वर बोट, ट्रक, पेट्रोल, मोटेल. जिंकलात तर एका स्पर्धेचे एक लाख, वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा क्लासिक, तिचे तीन लाख, पण जिंकणार एकच, बाकीच्यांची चूल स्पॉन्सरच्या चेकवर पेटते. शर्टभर लोगो लावण्यात काहीच खोटं नाही, ते तर सगळ्यांना दिसतंय की याला कोण पैसे देतं. आणि स्पॉन्सरचं आणि खरं एकच असूही शकतं, प्रो केव्हिन व्हॅनडॅम २०११ चा क्लासिक जिंकले ते स्ट्राइक किंग कंपनीच्या, त्यांचंच नाव असलेल्या स्क्वेअरबिल (चौकोनी चोचीच्या) क्रँकबेटवर, आणि तो क्रँकबेट माझ्याकडे आहे, झाडांना धडकवत आणायला उत्तम. बिघडतं कुठे, तर एकावर मासा पकडून स्टेजवर दुसराच हातात धरला जातो तिथे. किंवा मुलाखतीत "एक सॉफ्ट स्टिकबेट" (सेन्कोसारख्या मऊ कांडीला म्हणतात) एवढंच म्हणून नाव गिळलं जातं. मी तर आता ते गिळलेलं नावच ऐकतो. स्पॉन्सर असलेला माणूस जेव्हा ब्रँड न सांगता नुसतं "स्टिकबेट" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा सेन्कोच असतो असा माझा अंदाज आहे. तसंच विगल वॉर्ट नावाच्या जुन्या क्रँकबेटचं. तो बनवणारी स्टॉर्म कंपनी १९९९ मध्ये रापाला कंपनीने घेतली, त्याच्या आधीचे विगल वॉर्ट आजही मिझुरीच्या टेबल रॉक तलावावर फिरणारे लोक ईबेवर कितीतरी पट पैसे देऊन शोधतात. दुकानात नसलेल्या वस्तूसाठी कोणी स्वतःचा खिसा रिकामा करतो तेव्हा ती माझ्यासाठी सगळ्यात भरवशाची शिफारस.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत एफटीसी म्हणून ग्राहकांच्या बाजूची सरकारी संस्था आहे, तिच्या नियमात स्पष्ट आहे की पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस करत असाल तर लोकांना दिसेल असं सांगा, आणि "मी हे वापरतो" म्हणत असाल तर ते तेव्हा खरोखर वापरत असायला हवं. २०२३ मध्ये हे नियम पुन्हा नीट केले. पण तलावावर कोण बघायला जातंय. उलट माशाच्या वजनात फसवणूक केली तर टेक्सासमध्ये बक्षीस दहा हजार डॉलर किंवा जास्त असेल तर थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. २००९ मध्ये आमच्या इथल्याच लेक रे हबर्डवर एकाने बासच्या पोटात शिसं घातलं, बक्षीस पंचावन्न हजारांची बोट होती, पठ्ठ्या तुरुंगात गेला. मोठ्या टूर्नामेंटमध्ये जिंकणाऱ्याला लाय डिटेक्टरला बसवतात. मग मासा कशावर पकडला हे पण त्याच खुर्चीत विचारा ना. आपली मुलं खाऊचे पैसे साठवून ते पाकीट विकत घेतात.

तो क्रँकबेट मी घेतला, गाइडने खाजगीत सांगितला होता तो. खरंच चांगला आहे, उन्हाळ्यात पंधरा फुटांवर मासे दिले. हीच गोष्ट त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितली असती, की क्रँकबेट यांचा वापरतो आणि कांडी दुसऱ्याची, तर मी आणि माझे चार मित्र दोन्ही वस्तू डोळे झाकून घेऊन आलो असतो.

सेन्को घेताना नवखे असाल तर पाच इंचीच घ्या, रंग २९७, पाणी अगदी नितळ असेल तर १९४. पाकीट टेक्सासच्या उन्हात गाडीत ठेवू नका आणि डब्यात दुमडून कोंबू नका, कांड्या वाकतात. वाकलेली कांडी थरथरत नाही, गोल फिरते आणि दोरीला पीळ पडतो. वाकलीच तर उकळत्या पाण्यातून काढून सपाट ताटात सरळ ठेवायची, गार झाली की परत कामाची.