पोटाला लावायचा बाळाच्या ठोक्यांचा बेल्ट : तीन महिने वापरल्यावर

बेल्ट घेतला तेव्हा मला चोविसावा आठवडा चालू होता. पहिल्या खेपेला आठव्या आठवड्यात गेलं होतं, त्यामुळे यावेळी दोन सोनोग्राफीच्या मधले दिवस मला खायला उठायचे. मिस्टर नाशिकच्या अंबडला कंपनीत, आठवडाआड नाइट, मग रात्री सिडकोच्या घरात मी आणि सासूबाई दोघीच.

हा डॉप्लर नाहीये. डॉप्लर पोटात ध्वनिलहरी सोडतो, आणि अमेरिकेत औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने तर २०१४ लाच सांगितलंय की तो स्वतःच्या मनाने घरी वापरू नका. हा बेल्ट पोटावरच्या चिकटपट्ट्यांमधून बाळाच्या हृदयाचे विजेचे सिग्नल पकडतो, म्हणजे ईसीजीच, फक्त त्यात आईचेही ठोके येतात आणि मोबाइलमधलं ॲप ते वेगळे काढतं. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० मध्ये हवेत.

पहिला महिना खरंच छान गेला, झोप लागायला लागली. पण एकोणतिसाव्या आठवड्यापासून सारखं 'सिग्नल नाही', आणि एका रात्री आकडा आला ८८. मी रडायलाच लागले. सासूबाई म्हणाल्या, थांब गं, आधी तुझी नाडी मोज. मोजली तर माझीच ८८! नंतर डॉक्टर मॅडमनी सांगितलं, साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर काही आठवडे बाळाच्या अंगावरच्या पांढऱ्या लोण्यासारख्या थरामुळे विजेचा सिग्नल बाहेर नीट येत नाही. ही एवढी मोठी गोष्ट बेल्टच्या माहितीपत्रकात नव्हती, याचा मला अजून राग येतो.

छत्तिसाव्या आठवड्यातली गोष्ट मात्र नीट वाचा. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पडून हालचाली वहीत मांडायचे, दोन तासांत दहा व्हायला पाहिजेत. त्या रात्री चारच झाल्या. बेल्ट लावला, १४२, हिरवा गोल, सगळं ठीक. त्या हिरव्या गोलावर विश्वास ठेवून मी आणखी तासभर घरात घालवला, तो तास आठवला की अजून अंगावर काटा येतो. शेवटी सासूबाईच म्हणाल्या मशीन राहू दे, तुला काय वाटतंय ते सांग, आणि शेजारच्या दादांना उठवून त्यांच्या रिक्षाने गंगापूर रोडला हॉस्पिटलात गेलो. एनएसटी (पोटाला पट्टे लावून काही वेळ बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात ती तपासणी), सोनोग्राफी, बाळाभोवतीचं पाणी खूप कमी झालेलं, पहाटे सिझर. मुलगी, सव्वादोन किलो, आता पाच महिन्यांची आहे. मॅडम म्हणाल्या, हालचाल आधी कमी होते, ठोके बऱ्याचदा शेवटी बिघडतात.

बाकी पट्ट्या महाग, दर वेळी नवीन लागतात, उन्हाळ्यात घामाने निघतात, पोटावर लाल चट्टे येतात.

नणंदेला सहावा लागलाय, तिने बेल्ट मागितला. देईन, पण त्याच्या आधी माझी वही देणार आहे, चार रेघांचं ते पान उघडून.